विषाणू कुणी बघितलाय का?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त मधले "म्हणजे काय की" थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे विषाणूचा फोटो. म्हणजे खरा फोटो. आणि तो विषय माझ्या डोक्यात घातला आमच्या तात्यांनी.

२०२०चा एप्रिल. मी लॅपटॉप घेऊन मुरुमला घरी आलो होतो. वर्क फ्रॉम होम, नेटची बोंब, दुपारी लाइट गुल. आणि संध्याकाळी ओसरीवर तात्या. तात्या म्हणजे माझे चुलते, आडत दुकान आहे त्यांचं. तूर असो, उडीद असो, पोत्यात हात घालून मूठभर माल काढतील, तळहातावर पसरतील आणि ओल किती, खडा किती ते सांगतील. अशा माणसाला मी सांगत होतो की मास्क लावा, दुकानात गर्दी करू नका. ते म्हणाले, "कुणी बघितलाय का रे तो विषाणू? तू बघितलास?"

मी लगेच मोबाइलवर फोटो दाखवला. तोच, राखाडी चेंडू, त्यावर लाल तुरे. सगळ्या बातम्यांत असायचा. तात्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाले, "हा फोटो न्हाई. हे कुणीतरी काढलंय बसून. सावली बघ की."

मी तावातावाने गूगल केलं आणि गप्प बसलो. तात्या बरोबर होते. ते चित्र अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेत काम करणाऱ्या अ‍ॅलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोन चित्रकारांनी संगणकावर तयार केलेलं होतं. आकार अभ्यासावरून घेतलेला, पण रंग आणि सावली त्यांची. विषाणूला रंग नसतोच. का नसतो ते पुढे सांगतो.

वाद मी हरलो. तात्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बिनमास्क दुकानात. वय बासष्ट, शुगर. मला खरंच भीती वाटत होती. मग रात्री बसून मी शोधायला लागलो की खरा फोटो आहे का, असेल तर कुणी काढला आणि कसा काढला. उत्तर सापडलं ते पुण्यात.

पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, एनआयव्ही. १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून सुरू झाली, १९७८मध्ये तिचं नाव बदललं. भारतातला पहिला कोविड रुग्ण ३० जानेवारी २०२०ला केरळमध्ये सापडला, वुहानहून परतलेली विद्यार्थिनी. तिच्या घशातून घेतलेल्या नमुन्यावर एनआयव्हीने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काम केलं, आणि मार्चअखेर ते फोटो 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आले. लेखकांमध्ये शारदा प्रसाद, वर्षा पोतदार, सारा चेरियन, तेव्हाच्या संचालक प्रिया अब्राहम आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचे अतनू बसू अशी नावं आहेत.

फोटो दिसायला अगदी साधा. काळा-पांढरा, धुरकट. मध्ये एक गोल, कडेला बारीक देठ आणि देठाच्या टोकाला गोळा. कणाचा आकार ७५ नॅनोमीटर.

आता हे ७५ नॅनोमीटर म्हणजे किती? डोक्याचा एक केस घ्या. त्याच्या जाडीत असे हजारेक विषाणू शेजारी शेजारी बसतील. नाही पटत? मग उलटं करू. विषाणूला फुगवून ज्वारीच्या दाण्याएवढा केला, तर त्याच हिशोबाने माणूस होईल साधारण नव्वद किलोमीटर लांब. मुरुमात पाय ठेवून आडवा झोपला, तर डोकं सोलापूरच्याही पुढे जाईल. आणि त्या एवढ्या माणसाला आजारी पाडतो तो ज्वारीचा दाणा.

मग साध्या मायक्रोस्कोपने का दिसत नाही? कारण प्रकाश स्वतःच लाटेसारखा असतो, आणि आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. काच कितीही चांगली घ्या, साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचा तपशील साध्या प्रकाशात उलगडत नाही. जाड बोटमोजे घालून मोहरी चाचपल्यासारखं आहे. काहीतरी आहे एवढं कळेल, आकार कळणार नाही. आणि रंग म्हणजे प्रकाशाचाच खेळ. जी वस्तू प्रकाशाच्या लाटेपेक्षा इतकी लहान, तिला आपण म्हणतो त्या अर्थाने रंग नाही. तात्या तिथेही बरोबर.

उपाय काय? बारीक लाट वापरायची. इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो, आणि त्याला एक लाख व्होल्टने पळवला की त्याची लाट नॅनोमीटरच्याही काही हजाराव्या भागाएवढी होते. बर्लिनमध्ये १९३१ साली माक्स नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी काचेच्या भिंगाऐवजी चुंबकाची वेटोळी वापरून इलेक्ट्रॉन वळवले आणि पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला. रुस्काचा भाऊ हेल्मुट डॉक्टर होता. भाऊ यंत्र बनवतोय म्हटल्यावर त्याने त्यात विषाणू बघायचा ध्यास घेतला, आणि १९३०च्या दशकाच्या शेवटी-शेवटी विषाणूंची पहिली चित्रं मिळाली. अर्न्स्ट रुस्काला नोबेल मिळालं ते थेट १९८६ला, पंचावन्न वर्षांनी. ज्यांना सहा महिन्यांत प्रमोशन पाहिजे त्यांनी हे लक्षात ठेवावं. (त्यात मीही आलो.)

पण अडचणी आहेत. मायक्रोस्कोपच्या आत हवा नसते, पूर्ण निर्वात. हवा असली तर इलेक्ट्रॉन तिच्यावरच आपटत बसतील. निर्वातात ओली वस्तू टिकत नाही, पाणी उडून जातं. शिवाय विषाणू बनलेला असतो कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचा. इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात, काही दिसतच नाही.

त्यावर एक सोपी युक्ती आहे. लहानपणी भिंतीवर हात ठेवून भोवतीनं गेरू उडवलाय कधी? हात काढला की हाताच्या जागी भिंत कोरी आणि भोवती लाल. तसंच. नमुन्यावर टंगस्टनसारख्या जड धातूचं मीठ टाकायचं. ते विषाणूच्या भोवती आणि खाचाखोचांत साचतं. जड धातू इलेक्ट्रॉन अडवतो, म्हणून भोवताल काळा आणि विषाणू उजळ दिसतो. याला निगेटिव्ह स्टेनिंग म्हणतात. पुण्याच्या फोटोत हेच केलंय. आधी नमुना रसायनाने निष्क्रिय आणि घट्ट केला, मग तांब्याच्या बारीक जाळीवर घेतला, मग टंगस्टनचं मीठ, मग एक लाख व्होल्ट.

याच युक्तीने माणसाचा कोरोना विषाणू पहिल्यांदा नीट दिसला तो १९६०च्या दशकात. बघणारी होती जून अल्मेडा. ग्लासगोच्या बसड्रायव्हरची मुलगी, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते म्हणून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला लागली. एका सर्दीच्या नमुन्यात तिला कडेने मुकुटासारखी झालर असलेले कण दिसले. असं सांगतात की आधी ते फोटो परत आले, "हे तर इन्फ्लुएन्झाचे खराब फोटो आहेत" असा शेरा घेऊन. पण ती बरोबर होती. १९६८मध्ये 'कोरोना' हे नाव पडलं. कोरोना म्हणजे मुकुट किंवा सूर्याभोवतीचं तेजोवलय. म्हणजे जो शब्द आपण दोन वर्षं रोज ऐकला, तो मुळात फोटो बघून ठेवलेलं नाव आहे.

बरं, तुम्ही म्हणाल, हे झालं कोविडचं जुनं प्रकरण. आज का सांगतोस?

कारण एक विषाणू असा आहे ज्याचं नाव आपल्या महाराष्ट्रातल्या वस्तीवरून आहे आणि तो आजही मुलं मारतो. चांदीपुरा. १९६५ साली नागपूरकडे तापाची साथ होती, तिथल्या चांदीपुरा भागातल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या याच संस्थेच्या शास्त्रज्ञांना हा विषाणू मिळाला. नाव ठेवलं, नोंद झाली आणि बरीच वर्षं तो फार कुणाच्या चर्चेत नव्हता.

मग २००३. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात लहान मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी. दवाखान्यात आणल्यावर बरीच मुलं चोवीस तासांच्या आत गेली. ३२९ मुलं आजारी, १८३ मृत्यू. महाराष्ट्रातही त्या वर्षी रुग्ण होते. आमचा उमरगा तालुका सीमेवरचा, इकडे कर्नाटक, पुढे तेलंगणा. आमची निम्मी पाहुणेमंडळी तिकडची. आणि कारण काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथे जरा थांबा. ही जागा समजली की आजचा सगळा एपिसोड समजला.

पीसीआर चाचणी म्हणजे सर्च बॉक्स आहे. कीवर्ड टाकला तरच रिझल्ट येतो. कुठला विषाणू शोधायचाय ते आधी माहीत पाहिजे, त्याच्या जनुकाचा तुकडा आधी माहीत पाहिजे. कारणच माहीत नसेल तर काय टाइप करणार? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं तसं नाही. त्याला प्रश्न विचारावा लागत नाही. तो फक्त दाखवतो की हे इथे आहे, बघा.

एनआयव्हीच्या टीमने सहा रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला. ओळख पटवायला ज्या चाचण्या वापरल्या त्यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपही होता. या घराण्यातले विषाणू बंदुकीच्या गोळीसारखे दिसतात, एक टोक गोल, एक सपाट. रेबीजचा विषाणू याच घराण्यातला. एकदा ती गोळी ओळखली की शोध एका घराण्यापुरता उरतो. मग बाकीच्या चाचण्या झाल्या आणि नाव नक्की झालं: चांदीपुरा.

पण खरं तेच सांगायचं तर मायक्रोस्कोपच्याही मर्यादा आहेत. एक, नमुन्यात विषाणू भरपूर पाहिजेत, मिलीलिटरला लाखांत. कमी असले तर दिवसभर शोधूनही हाताला काही लागत नाही. दोन, आकारावरून घराणं कळतं, माणूस कळत नाही. साध्या सर्दीचा कोरोना आणि कोविडचा कोरोना फोटोत सारखेच. पुण्याच्या फोटोतला विषाणू कोविडचाच हे आपण म्हणतो, कारण त्या नमुन्याची पीसीआर आधी झाली होती. म्हणजे दोन्ही लागतात. नुसता फोटो दाखवून कुणी "हा बघा अमुक विषाणू" म्हणाला तर विचारा, बाकीचा पुरावा कुठाय?

आता माझ्या आवडीचा भाग. इथून पुढे हा विषय निम्मा सॉफ्टवेअरचा आहे.

निगेटिव्ह स्टेनिंगमध्ये विषाणू वाळतो, थोडा चपटा होतो, आणि आपण बघतो तो त्याचा ठसा. आतली रचना कळत नाही. मग १९८०च्या दशकात जाक द्युबोशे यांनी पाणी इतकं झटक्यात गोठवलं की बर्फाचे खडे व्हायला वेळच मिळाला नाही. घरच्या फ्रीजमध्ये कुल्फी लावली की कचकच बर्फ होतो ना, तो हळू गोठल्यामुळे. झटक्यात गोठवलं की पाणी काचेसारखं स्थिर होतं आणि विषाणू त्यात जसाच्या तसा अडकतो. याला क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी म्हणतात.

पण आता जड धातू नाही. आणि इलेक्ट्रॉनचा मारा जास्त केला तर विषाणू जळतो. म्हणून अगदी कमी इलेक्ट्रॉन सोडायचे. परिणाम, फोटोत नुसत्या मुंग्या. जुन्या टीव्हीचा अँटेना हलल्यावर यायच्या तशा.

तुमच्या मोबाइलमध्ये नाइट मोड आहे. तो काय करतो? एक फोटो काढत नाही, पटापट अनेक काढतो आणि एकावर एक ठेवून सरासरी घेतो. खरी वस्तू प्रत्येक फोटोत तिथेच असते, मुंग्या दरवेळी वेगळीकडे. सरासरीत मुंग्या पुसल्या जातात, वस्तू राहते. शंभर फोटोंची सरासरी घेतली की मुंग्या दहापट कमी. क्रायोमध्ये हेच करतात, फक्त एकाच कणाचे नाही तर एकसारख्या हजारो, लाखो कणांचे फोटो घेतात. वर प्रत्येक कण वेगळ्या दिशेला तोंड करून पडलेला. जसं स्टँडवरच्या एसटीचे फोटो शंभर लोकांनी शंभर बाजूंनी काढलेत आणि कोण कुठे उभा होता ते कुणीच लिहून ठेवलं नाही. त्यातून सबंध एसटीचा थ्रीडी आकार तयार करायचा. हे गणित वॉकिम फ्रँक यांनी बसवलं. द्युबोशे, फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन या तिघांना २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

उपयोग काय झाला? कोविडच्या विषाणूचा जनुकीय क्रम जानेवारी २०२०मध्ये जाहीर झाला, आणि फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जेसन मॅक्लेलन यांच्या गटाने त्याच्या काट्याची, म्हणजे स्पाइक प्रोटीनची थ्रीडी रचना छापलीसुद्धा. तपशील ०.३५ नॅनोमीटरपर्यंत. हा काटा मूळचा फार चंचल, चटकन आकार बदलतो. त्यात दोन ठिकाणी छोटा बदल केला की तो पेशीत शिरण्याआधीच्या आकारात स्थिर राहतो, हे आधीच्या कोरोना विषाणूंच्या अभ्यासातून माहीत होतं. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींमध्ये तोच बदल वापरलाय. आपल्या कोव्हॅक्सिनचा रस्ता वेगळा, त्यात पुण्याच्या एनआयव्हीने वेगळा काढलेला सबंध विषाणू निष्क्रिय करून वापरलाय.

आता या सगळ्यातली सगळ्यात भारी गोष्ट. सरासरी घेताना एक मोठा खड्डा आहे.

समजा तुमच्याकडे हजारभर फोटो आहेत आणि त्यात काहीच नाही, नुसत्या मुंग्या. संगणकाला सांगितलं, प्रत्येक फोटो आइन्स्टाइनच्या चेहऱ्याशी जितका जुळेल तितका जुळवून ठेव आणि मग सरासरी घे. काय येईल? आइन्स्टाइनचा चेहरा येतो! डेटात कुठेच नसलेला आइन्स्टाइन. कारण प्रत्येक वेळी तुम्ही मुंग्यांतून त्याच्याशी जुळणारं तेवढंच निवडलं. हेंडरसन यांनी २०१३मध्ये एका रचनेवर आक्षेप घेताना हाच इशारा दिला होता, अगदी 'आइन्स्टाइन फ्रॉम नॉइज' या शब्दांत.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते आमचं व्हॉट्सअ‍ॅप. ज्याला विषाणू खोटा वाटतो त्याला रोजच्या शंभर मेसेजमधून तेवढेच जुळणारे दिसतात. आणि माझंही तेच होतं की! मला वाद जिंकायचा होता, म्हणून पहिला मिळाला तो चेंडू मी फोटो म्हणून पुढे केला. तपासला नाही.

त्यावर शास्त्रज्ञ काय करतात? डेटाचे सुरुवातीलाच दोन भाग करतात. दोन्हींवर वेगवेगळं काम, एकमेकांचं न बघता. शेवटी दोन रचना जेवढ्या जुळतात तेवढंच खरं धरायचं. आडतीत निम्मी पोती एकाने बघायची, निम्मी दुसऱ्याने, आणि दोघांनी भाव न बोलता चिठ्ठीवर लिहायचा, तसं.

तर आठवडाभराने मी पुन्हा तात्यांजवळ बसलो. आधी कबूल केलं की तो चेंडू चित्रच होता. मग पुण्याचा काळा-पांढरा फोटो दाखवला आणि गेरूची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "असले किती दिसले त्यांना?"

लेखात आकडा दिलाय. बघितलेल्या भागात कोरोनासारखे कण सापडले सात. त्यातला एकच नीट टिकलेला.

"सात?"

मला वाटलं, गेलं. आता म्हणणार, सातवर कसला विश्वास.

तात्या म्हणाले, "सात म्हणतेत म्हणजे मोजलेत. लबाड माणूस सातशे सांगितला असता."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात तोंडाला गमछा आला आणि काट्यासमोर चुन्याच्या रेघा. पुढे लसही घेतली. ती फोटोमुळे घेतली की काकूंच्या ओरडण्यामुळे, ते सांगता येत नाही. काकूंचा वाटा जास्त असावा.

जाता जाता कामाची गोष्ट. चांदीपुरा विषाणू पसरतो तो मुख्यतः सँडफ्लायमुळे, म्हणजे वाळूमाशी. डासापेक्षा लहान, मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या आसपास राहते. २०२४च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये पुन्हा साथ आली होती. यावर लस नाही, खास औषध नाही. म्हणून भेगा लिंपून घ्या, लहान मुलांना मच्छरदाणीत झोपवा. आणि मुलाला जोराचा ताप येऊन झटके आले, सुस्ती आली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. हे वाक्य फॅमिली ग्रुपवर टाकलंत तरी चालेल. फक्त सोबत तो लाल तुऱ्यांचा चेंडू लावू नका. लावलात, तर "चित्र" असं लिहा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काही चुकलं असेल तर कळवा, पुढच्या वेळी सुरुवातीलाच दुरुस्त करीन.